वासंतीताई, एफ.वाय.बी.ए., इंटर्न

...आणि वर मलाच विचारतो, ‘ताई, कोणाला भेटायचंय?’ मला! एकोणीस वर्षं ज्या गेटातनं मी आत जातेय, ज्या गेटावरच्या वॉचमनला, ह्या कुलदीपला, दर दिवाळीला माझ्या हातच्या चकल्या जातात, तोच कुलदीप, दहा मिनिटांपूर्वी ‘चला ताई, उद्या भेटू’ म्हणून मला बाहेर सोडणारा कुलदीप, वही उघडून विचारतो, कोणाला भेटायचंय! म्हटलं, ‘कुलदीप, अरे मी वासंतीताई!’ तर म्हणतो, ‘ते मान्य आहे हो. पण वासंतीताई आत्ता पंच करून घरी गेल्या. तुम्ही आता इंटर्न म्हणून आत येताय. इंटर्नची एन्ट्री वेगळी असते. नाव सांगा.’ सांगितलं. काय करणार? ‘वय?’ म्हटलं, त्रेचाळीस. त्यानं पेन थांबवलं. ‘ताई, तुमचं नाही, इंटर्नचं वय.’ अरे बाबा, दोन्ही एकच बाई आहे!

हसताय? हसा. तुम्हाला सांगते, मीही हसले असते, दुसऱ्या कोणाचं असतं तर. थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, या बाईला या वयात कोणी सांगितलं होतं इंटर्न व्हायला?

तर आमची कंपनी चाकणला. गाडीच्या आतलं वायरिंग बनवतो आम्ही. शंभर-दीडशे वायरी घ्यायच्या, बोर्डावर लावायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर खट्‌कन बसवायचा... थोडक्यात काय, तर गाडीची वेणी घालायची. म्हणून लाइनवर सगळ्या बायकाच. आणि हे सगळं उभ्यानं! बोर्ड उभा, म्हणून बाई उभी. आठ तास. ओव्हरटाइम असला की अकरा. एकोणीस वर्षं उभी आहे हो मी! माझ्या उजव्या गुडघ्यातनंच आता कनेक्टर बसल्यासारखा आवाज येतो. डॉक्टर म्हणाले, ‘बसून करण्यासारखं काम बघा.’ बघितलं ना. आमच्या अख्ख्या शेडमध्ये बसून करण्यासारखं काम एकच, सुपरवायझरचं. काचेची केबिन, केबिनमध्ये उद्धवराव, आणि उद्धवरावांच्या खाली खुर्ची. काळी, चाकांची, मान टेकेल इतकी उंच पाठ असलेली. ते बसल्याबसल्या फोनपर्यंत जातात, बसल्याबसल्या फाइलपर्यंत जातात, आणि मी काचेबाहेरनं टेप मारता मारता बघते. मला दुसरं काही नको होतं हो. पगार थोडा वाढला असता, वाढू दे, नाही वाढला तर राहू दे. मला बसायचं होतं.

आणि उद्धवराव एकतीस मेला रिटायर होणार. लाइन लीडरमध्ये सगळ्यात जुनी मी. खुर्ची मलाच मिळणार असं सगळे धरूनच चालले होते, मीसुद्धा. मनातल्या मनात तर मी त्या खुर्चीत बसून चहासुद्धा प्यायले होते, दोनदा! तेवढ्यात एचआरच्या विजयश्री मॅडमनी बोलावलं. ‘वासंतीताई, यू आर द बेस्ट, ॲक्च्युअली. पण ना, पॉलिसी आली आहे. सुपरवायझरला ग्रॅज्युएशन मस्ट. ॲटलीस्ट शिकत तरी असायला पाहिजे. तुम्ही मेच्या आत फर्स्ट इयर क्लिअर करा, मी स्वतः तुमचं नाव पुढे करते. नाहीतर बाहेरून कोणालातरी घ्यावं लागेल... आय फील सो बॅड.’ बॅड तिला वाटतं आणि गुडघा माझा दुखतो.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणजे आमचे श्रीपादराव. पेपरातनं डोकं वर न काढता म्हणाले, ‘कर की. कॉलेजात जाऊन बसशील तरी.’ हे बोलणं बरोबर होतं म्हणून जास्त राग आला. ट्रंकेतनं बारावीची मार्कशीट काढली, पंचवीस वर्षं जुनी, डांबरगोळीच्या वासाची, आणि निगडीकडच्या एका कॉलेजात नाव घातलं. नोकरीवाल्यांची रविवारची बॅच असते तिथं. विषय कुठले? अर्थशास्त्राची ओळख. शिक्षणशास्त्राची ओळख. आपत्ती व्यवस्थापनाची ओळख. आणि शेवटी इंटर्नशिप. म्हटलं, मॅडम, सगळी ओळखच का? त्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, ‘पहिल्या वर्षी ओळखच असते.’ म्हणजे वर्षभर नुसती ओळख, बोलणी पुढच्या वर्षी!

पहिल्याच रविवारी अर्थशास्त्र. आमच्या बॅचचे सगळे विषय एकाच सरांकडे. निरंजन सर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलणं असं, की मलाच वाटावं मी बालवाडीत आहे. मऊ आवाज, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना, वस्तूची किंमत कमी झाली, की तिची मागणी वाढते.’ मी हात वर केला. ‘सर, इतर परिस्थिती म्हणजे कुठली?’ ‘सगळी, ताई. उत्पन्न, आवडनिवड, कुटुंबाचा आकार, हवामान, सरकारचं धोरण. हे काहीच बदललं नाही असं गृहीत धरायचं.’ ‘पण सर, असं असतं कुठे?’ सरांनी खडू खाली ठेवला. ‘पुस्तकात,’ म्हणाले. निदान खरं तरी बोलले.

इतर परिस्थिती स्थिर असताना! तुम्हाला सांगते, त्या एका वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी लगेच अभ्यासाचं वेळापत्रक केलं, चार रंगांच्या पेनांनी. कंपनीच्या बसमध्ये जाताना अर्थशास्त्र, येताना शिक्षणशास्त्र, कुकरच्या तीन शिट्ट्यांत आपत्ती. इतर परिस्थिती स्थिर असताना मी पहिल्या नंबरानं पास झाले असते! पण तळवड्याच्या चौकात ट्रेलर आडवा झाला, बस दीड तास जागची हलेना, म्हटलं चला बरं झालं, दोन धडे होतील, तर शेजारी कौशल्याबाई. कौशल्याबाई आमच्या लाइनवरच्या सगळ्यात वयस्कर, इथल्याच, मूळच्या निघोज्याकडच्या. ‘काय वाचती गं?’ म्हटलं, मागणीचा नियम. ‘मागनीला बी नियम आला व्हय? आमच्या येळी पोरगी बघितली, पसंत पडली, झाली मागनी.’ आणि मग त्यांनी स्वतःच्या लग्नाची मागणी जी सुरू केली, ती थेट गेटपर्यंत. मग शिफ्ट बदलली. मग सासूबाई मोतीबिंदूला म्हणून आल्या. मग आमची लेक सुखदा, तिची बारावी, तिला शांतता पाहिजे, म्हणून मी बाल्कनीत, तर शेजारच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग! स्थिर काय होतं सांगू? एकट्या ह्यांचा पेपर!

मग आलं ते घटत्या सीमांत उपयोगितेचं. सोपं आहे. पहिला वडा खाल्ला की जितकं समाधान, तितकं दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला त्याहून कमी. घरचा स्वाध्याय काय, तर एका माणसाला ओळीनं एकच पदार्थ द्यायचा आणि प्रत्येक वेळी समाधान दहापैकी किती ते तक्त्यात लिहायचं. घरात माणूस एकच रिकामा. बसवलं ह्यांना. बटाटेवडे तळले. पहिला वडा, किती? ‘दहा.’ दुसरा? ‘दहा.’ तिसरा? ‘दहा.’ अहो, कमी व्हायला पाहिजे! ‘तुझ्या हातचा वडा आहे. कमी मार्क देऊन मी याच घरात राहायचं ना?’ चौथा दहा. पाचवा दहा. सहाव्याला घाम फुटला माणसाला, डोळे पांढरे, तरी बोटांनी दहा दाखवतोय! तक्ता नेऊन दिला. सरांनी लाल पेनानं लिहिलं, ‘निरीक्षण सिद्धांताशी विसंगत.’ म्हटलं, सर, नवरा बायकोला घाबरतो, हे इतर परिस्थितीत धरायचं की नाही? आणि दोन दिवस ॲसिडिटीनं हे घरी, ते वेगळंच.

हे सगळं सोसलं. शिक्षणशास्त्र तर मला आवडलंसुद्धा, खोटं कशाला बोलू? त्यात एक आहे, ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. म्हणजे समोरच्याला जे माहीत आहे तिथून सुरू करायचं आणि माहीत नाही तिकडे न्यायचं. म्हटलं, हे तर मी नव्या पोरींना वायरी शिकवताना रोज करते, याला एवढं मोठं नाव आहे होय! पण इंटर्नशिप... इंटर्नशिपनं माझा जीव घेतला.

साठ तास. कुठल्याही उद्योगात जाऊन साठ तास काम शिकायचं. मी आनंदानं उडी मारली, म्हटलं सर, माझी एकोणीस वर्षं झालीत, त्यातले साठ तास कापून घ्या आणि बाकीचे गरिबांना वाटा! सर म्हणाले, ‘नाही ताई. तो अनुभव झाला. आम्हाला इंटर्नशिप पाहिजे. अनुभवाच्या आधीची पायरी.’ अहो, मी जिना चढून गच्चीवर पोचलेय, आता परत खाली उतरून पहिल्या पायरीचा फोटो काढू? ‘आणि रोजच्या कामाचे तास धरता येणार नाहीत. वेगळा विभाग हवा. मार्गदर्शक पदवीधर हवा.’ आता संध्याकाळी शिफ्टनंतर आमच्याकडे मोकळा पदवीधर कोण? प्रज्वल!

प्रज्वल म्हणजे लातूरकडचं इंजिनियर पोरगं, तेवीस वर्षांचं, गेल्याच वर्षी लागलेलं. पहिल्या दिवशी लाल वायर आणि तपकिरी वायर यातला फरक त्याला मी सांगितलाय. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाऊन वजन वाढलंय त्याचं. त्याच्याकडे सेफ्टीचं खातं दिलेलं. आता तो माझा मार्गदर्शक! कॉलेजच्या फॉर्मवर त्यानं लिहायचं, विद्यार्थिनीची वागणूक कशी, वक्तशीरपणा कसा, ज्येष्ठांचा आदर करते का. बिचारा फॉर्म हातात धरून घामाघूम. ‘ताई, मला बी कसंतरीच व्हायलंय बघा. तुमच्याबद्दल मी काय लिहू? ज्येष्ठांचा आदर करते का म्हणायलेत, पण इथं ज्येष्ठ तुम्हीच हाव.’ म्हटलं, लिही बाबा, स्वतःचा आदर करते.

तर रोज चार वाजता शिफ्ट सुटली, की पंच करून बाहेर जायचं. निळा ॲप्रन काढायचा, इंटर्नची हिरवी टोपी घालायची, परत गेटावर यायचं, कुलदीपच्या वहीत नाव, आणि आत. पहिल्या दिवशी काय, तर नव्या माणसाला सुरक्षेचा व्हिडिओ दाखवायचा नियम. एकटीला बसवलं अंधाऱ्या खोलीत. व्हिडिओ सुरू. पडद्यावर एक बाई कानात बोळे कसे घालावेत ते दाखवतेय. निरखून बघितलं... मीच! सात वर्षांपूर्वी शूटिंग झालेलं, मी विसरूनही गेले होते. केस काळे, गुडघा चांगला, काय ऐटीत उभी! आणि ती पडद्यावरची मी मला सांगतेय, ‘शंका असल्यास आपल्या लाइन लीडरला विचारा.’ आता मी माझी शंका मला विचारू? पुढे दहा प्रश्नांची परीक्षा. मला सात मिळाले. माझ्याच व्हिडिओवर! तीन मार्क कापले, कारण म्हणे नियम मधल्या काळात बदलले. म्हणजे बघा, इतर परिस्थिती स्थिर नसताना!

साठ तास भरत आले आणि निरंजन सरांनी सांगितलं, शेवटी एक प्रकल्प हवा. आपत्ती व्यवस्थापनाचे मार्क आणि इंटर्नशिपचे मार्क दोन्ही त्याच्यावरच. म्हटलं काय करायचं? तर मॉक ड्रिल. आग लागली असं खोटंखोटं मानायचं, भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांना पाच मिनिटांच्या आत सुखरूप बाहेर काढायचं. सर स्वतः बघायला येणार. जमलं नाही तर नापास. नापास म्हणजे पहिलं वर्ष गेलं, वर्ष गेलं म्हणजे खुर्ची गेली, मग बाहेरचा कोणीतरी पंचविशीतला त्या खुर्चीत गोल गोल फिरणार आणि मी काचेबाहेर खट्, खट्, खट्! माझी तर झोपच उडाली. आठ दिवस मी आराखडा काढत होते. कुठल्या दारातनं कोण, भोंगा किती वेळ, सगळं. कंपनीत ड्रिल आधीही झाली होती, पण दर वेळी सुपरवायझर स्वतः ‘चला गं’ म्हणत सगळ्यांना बाहेर हाकलायचे. सर म्हणाले, तसं नको, या वेळी नुसत्या सूचनेवर माणसं आली पाहिजेत.

दिवस उजाडला. आग कुठे मानायची? दोन नंबरच्या शेडमध्ये, जिथं आमच्या लाइन आहेत, कारण धुराचं नळकांडं ठेवायला तिथंच जागा. बाधणारा धूर नव्हता हो, पांढरा आपला, नाटकातल्यासारखा. गेटाजवळ मोठं कडुलिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली हिरवी पाटी, त्यावर इंग्रजीत ‘असेंब्ली पॉइंट’ आणि चार बाण. सगळ्यांनी तिथं जमायचं. झाडाखाली प्रज्वल घड्याळ घेऊन, विजयश्री मॅडम गॉगल लावून, निरंजन सर वही उघडून. मी कुलदीपच्या खोलीत, माइकसमोर.  भोंगा वाजवला. आणि खणखणीत आवाजात सांगितलं, ‘आग लागली आहे! सर्वांनी हातातलं काम सोडून ताबडतोब असेंब्ली पॉइंटवर जमा व्हा!’ तीनदा सांगितलं, आणि पळत झाडाखाली गेले.

एक मिनिट. कोणी नाही. म्हटलं, येतील, बायका आहेत, चपला बदलतील. दोन मिनिटं. चिटपाखरू नाही. सर म्हणाले, ‘कदाचित रांगेत येत असावेत.’ तीन मिनिटं. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, माइक ऑन होता ना?’ चार मिनिटं! गेटावरनं कुलदीप फक्त हात हलवतोय, सगळे तिकडे गेले, तिकडे! तिकडे कुठे? शेडकडे!  आम्ही चौघं पळत सुटलो, गुडघा गेला उडत, दोन नंबरच्या शेडचं दार उघडलं...

धुरात माणसं! दोनशे बारा माणसं! आमच्या बायका तर होत्याच, पण कटिंगवाले होते, स्टोअरवाले होते, कँटीनचा आचारी झारा हातात घेऊन होता, माल न्यायला आलेले दोन ट्रक ड्रायव्हर, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नाही, तेसुद्धा! शिस्तीत उभे, रांगेत, तोंडाला पदर, तोंडाला रुमाल, खोकतायत आणि वाट बघतायत. अगदी पुढे कौशल्याबाई. ‘आलो बग वासंते. समदे आलेत. आता काय करायचं?’

कळलं का काय झालं ते? अहो, आमच्याकडे ‘असेंब्ली’ म्हणजे दोन नंबरची शेड! जिथं वायरींची जुळणी होते ती. ‘माल असेंब्लीला पाठव’, ‘ती असेंब्लीला असेल’, ‘डबा असेंब्लीत राहिला’. एकोणीस वर्षं मीच दिवसातनं शंभरदा म्हणतेय! दुसरी कुठली असेंब्ली कोणाला माहीत? ती गेटाजवळची पाटी, ते चार बाण, त्याचा अर्थ सगळ्यांनी लावलेला, की असेंब्लीला जायचा रस्ता कुठूनही आहे. आणि मी काय सांगितलं माइकवर? आग लागलीय, पळा, असेंब्लीला जा! जिथं आग, तिथंच बोलावलं मी सगळ्यांना, तीन वेळा, खणखणीत आवाजात.

निरंजन सरांनी वहीत लिहिलं आणि मऊ आवाजात वाचलं, ‘बचावले, शून्य. मृत, दोनशे बारा.’ कौशल्याबाई पुढे आल्या. ‘मेले व्हय मी?’ सर म्हणाले, ‘तांत्रिकदृष्ट्या, हो.’ ‘मग आज हजेरी लागायची का सुट्टी धरायची?’ विजयश्री मॅडमनी गॉगल काढला, पुसला, परत घातला. आचारी म्हणाला, ‘मेलोय तर मग मी भात बघून येऊ का?’ प्रज्वल डोक्याला हात लावून खालीच बसला.

तुम्ही हसा हो, पण मी त्या लिंबाच्या कट्ट्यावर जाऊन रडले. सांगते ना, लाज कसली? ढसाढसा रडले. वर्षभर बसमध्ये पुस्तक धरलं, बाल्कनीत बसले, स्वतःच्याच कंपनीत हिरवी टोपी घालून चोरासारखी शिरले, आणि शेवटी काय, दोनशे बारा माणसं मारली! तर कौशल्याबाई शेजारी येऊन टेकल्या. ‘रडू नगं. आमाला काय कळतंय त्यातलं? धूर दिसत हुता की आमाला, आंदळ्या न्हाई आमी. पर तुजा आवाज आला. तुजा आवाज आला म्हून गेलो, न्हाईतर धुरात कोन जातंय?’

 खरी आग असती तर? माझ्या आवाजावर विश्वास ठेवून या बायका खऱ्या आगीत उभ्या राहिल्या असत्या, रांगेत, तोंडाला पदर लावून. त्या क्षणी मला मार्कांचं काही वाटेना, खुर्चीचंसुद्धा. उठले, सरांकडे गेले आणि म्हटलं, ‘सर, चूक त्यांची नाही. तुम्हीच शिकवलंत, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. त्यांना ज्ञात असेंब्ली एकच. मला आणखी एक संधी द्या.’ सरांनी वहीचं कोरं पान उघडलं. ‘दहा दिवसांनी,’ म्हणाले.

दहा दिवसांत मी काय केलं? एका पत्र्यावर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, ‘आग लागली की इथं या’, आणि ठोकलं झाडाला. विजयश्री मॅडम धावत आल्या, ‘ताई, ऑडिटला इंग्लिशच लागतं, इंटरनॅशनल स्टँडर्ड आहे!’ म्हटलं, मॅडम, तुमची पाटी वर राहू दे, ती ऑडिटवाल्यांना वाचवेल, खालची आम्हाला. जेवणाच्या सुट्टीत एकेका लाइनला झाडापर्यंत चालवून आणलं. आणि दुसऱ्या वेळी भोंगा वाजला, तेव्हा माइकवर एवढंच म्हटलं, ‘बायांनो, बाप्यांनो, हातातलं टाका, लिंबाखाली या! लिंबाखाली!’

दोन मिनिटं पन्नास सेकंद! दोनशे अकरा माणसं लिंबाखाली! प्रज्वल घड्याळ घेऊन नाचायलाच लागला, ‘ताई, जमलं की ओ, जमलं!’ कौशल्याबाई म्हणाल्या, ‘आज मी जित्ती हाय ना? लिव्हा तसं.’ सर चक्क हसले. एकच माणूस कमी होता. उद्धवराव. तेही आले, लाल चेहऱ्यानं, दीड मिनिट उशिरा, पण पाच मिनिटांच्या आतच.

मग अहवाल लिहिला. चार पानं, दोन्ही बाजूंनी. सरांनी बजावलं होतं, जे दिसलं ते खरं लिहा आणि किमान पाच शिफारशी द्या. चार झाल्या, पाचवी सुचेना. बसमध्ये बसून डोकं खाजवलं, शेवटी सुचली, लिहून टाकली, सही ठोकली, एक प्रत कॉलेजला, एक कंपनीला. आणि तुम्हाला सांगते, निकाल लागला... पहिल्या वर्गात पास! प्रकल्पाला शंभरपैकी ब्याण्णव! सरांनी खाली लिहिलं, ‘पाचवी शिफारस विशेष उल्लेखनीय.’ ह्यांनी पेपर खाली ठेवला. ठेवला हो, स्वतःच्या हातानं! सुखदानं माझी मार्कशीट मैत्रिणींना पाठवली. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात विजयश्री मॅडमनी पाकीट हातात दिलं. सुपरवायझर. एक जूनपासून.

एक जूनला मी नवी साडी नेसले. गुडघ्याला बाम लावला, म्हटलं, आजचा शेवटचा. लाइनवरच्या सगळ्या बायका बोर्ड सोडून बघायला आलेल्या. केबिनचं दार उघडलं. टेबल होतं, फोन होता, फाइली होत्या, भिंतीवर कॅलेंडर होतं. टेबलाच्या मागे बघितलं, दाराच्या मागे बघितलं. म्हटलं, ‘मॅडम, खुर्ची दुरुस्तीला गेलीय का?’

‘नो नो ताई!’ मॅडमचा चेहरा असा उजळलेला. ‘तुमचंच रेकमेंडेशन! पान चार, मुद्दा पाच. “सुपरवायझरची चाकांची खुर्ची केबिनच्या अरुंद दारात अडकल्यामुळे त्यांना बाहेर पडायला दीड मिनिट उशीर झाला. तरी केबिनमध्ये खुर्ची ठेवू नये.” मॅनेजमेंटला इतकं आवडलं, इतकं आवडलं, की आपल्या तिन्ही प्लांटमधल्या सगळ्या केबिनच्या खुर्च्या काढल्या. वर्ल्ड क्लास प्रॅक्टिस आहे ही, ॲक्च्युअली. काँग्रॅच्युलेशन्स!’

बायकांनी टाळ्या वाजवल्या.  अक्षर माझं, खाली सही माझी, आणि त्यालाच मार्क पडलेले. म्हटलं, ‘थँक्यू मॅडम.’ उभ्यानंच म्हटलं, दुसरं करणार काय?